पांढरीवर काही बांधायचं नाही

चाळीसगावाहून भडगावकडे जाताना, गिरणेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या वळणावर एक टेकाड आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईलच. टेकाड फार उंच नाही. पलीकडे उभा माणूस दिसत नाही, एवढंच. चहूकडे कपाशीची काळीभोर जमीन आणि मध्येच ही राखाडी, भुरकट, पायाखाली भुसभुशीत लागणारी माती. खानदेशातल्या माणसाला याची ओळख करून द्यावी लागत नाही. ही पांढर. इथे कधीकाळी गाव होतं.

या पांढरीसाठी आमचा एक छोटा ट्रस्ट आहे. रीतसर, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला, १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालचा. मी त्याचे हिशेब लिहितो. ट्रस्ट म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, "देऊळ कोणतं?" देऊळ नाही म्हटल्यावर, "मग गोशाळा?" तीही नाही. मातीचा ढिगारा राखायला ट्रस्ट, हे पचायला वेळ लागतो. माझ्या थोरल्या बहिणीला अजून पचलेलं नाही. ती पाहुण्यांना मी 'शाळेचं काहीतरी बघतो' असं सांगते.

पांढर पांढरी का होते, याचं कारण साधं आहे. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली की चुलीची राख, शेण, भिंतींची माती, चुना, हाडं, कुजलेला पाला हे सगळं तिथल्या तिथे साचत जातं. घर पडतं, त्याच मातीवर दुसरं उभं राहतं. जुन्या लुगड्यांवर लुगडी घालून शिवलेल्या गोधडीसारखी जमीन वर चढत जाते. आणि ही माती पिकाला फार मानवते. आमच्या आजोबांच्या पिढीत उन्हाळ्यात पांढरीची माती गाड्यांनी शेतात नेणं हे रीतसर कामच होतं. शिवाय धाब्याच्या घरांवर घालायला हीच माती लागायची, कारण ती नीट बसली की पाऊस खाली उतरू देत नाही. त्यात कोणाचं पाप नाही. बैलगाडी दिवसाला जेवढी नेईल तेवढीच माती जायची. जेसीबी आला आणि जे काम तीन पिढ्यांत झालं नसतं ते एका दुपारी व्हायला लागलं. तापी-गिरणेच्या काठच्या कितीतरी पांढरी आज फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरल्या आहेत. शेतात त्यांची खूण म्हणजे ठरावीक पट्ट्यात जोमानं वाढलेली कपाशी.

अशा ढिगाऱ्यांत असतं काय, हे आपल्याकडे ठाऊक आहे, कारण काही ढिगारे शास्त्रशुद्ध खणले गेले आहेत. चाळीसगाव तालुक्यातलंच बहाळ घ्या. पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात तिथे उत्खनन केलं, आणि गिरणेच्या पलीकडच्या काठावर टेकवाड्याला ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे दगडासोबत तांबंही वापरणाऱ्या माणसांची दफनं मिळाली. वस्ती या तीराला, मृत त्या तीराला. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे बी. के. थापर यांनी १९५५ च्या सुमारास खणलं. दक्षिण काशी म्हणून तिथे स्नानाला जाणाऱ्यांच्या पायाखाली ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती एकावर एक दबलेली निघाली. तापीकाठच्या सावळदा गावाचं नाव तर अख्ख्या एका संस्कृतीला मिळालं. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'सावळदा संस्कृती' म्हणतात ती हीच. साक्री तालुक्यातल्या कवठ्याला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं त्याच संस्कृतीची वस्ती उघडी केली. काळ साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपण खानदेशी लोक शिवाजी महाराजांच्या, फार तर यादवांच्या आधी जायला तयार नसतो, आणि शेतात नेऊन टाकतो ती माती त्यांच्याही आधीच्या चुलींची असते.

आमची पांढर कोणी खणलेली नाही. आम्हीही खणणार नाही. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही हा झाला कायदा, पण परवाना मिळाला तरी खणणं हे आमचं काम नव्हे. एकदा खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. आज ज्या गोष्टी मातीतून ओळखता येतात, त्या देशपांडे-थापरांच्या वेळी ओळखता येत नव्हत्या. पन्नास वर्षांनी आणखी ओळखता येतील. तोवर माती जागेवर राहिली पाहिजे. एवढंच आमच्या ट्रस्टचं उद्दिष्ट, आणि ते ट्रस्टच्या घटनेत लिहायला वकिलाला फार कष्ट पडले, कारण त्याच्याजवळच्या नमुन्यात सगळी क्रियापदं 'उभारणे', 'बांधणे', 'सुरू करणे' अशी होती.

नाल्याच्या बाजूला टेकाड उभं कापलं गेलं आहे. पावसाळा संपून काठ वाळला की सकाळच्या तिरप्या उन्हात ती कड पाहावी. वरचा हातभर थर मुळांनी विणलेला. त्याखाली तांबूस, घट्ट, सपाट अशी बोटभर जाडीची रेघ दूरवर जाते: ती कुणाच्या तरी घराची चोपलेली, सारवलेली जमीन. तिच्यावर काळी राख, राखेत कोळशाचे कण. थोडं बाजूला ती रेघ एकदम खाली वाकते आणि वाटीसारख्या खोलगट भागात वेगळ्या रंगाची माती भरलेली दिसते. तिथे कोणीतरी खड्डा केला होता, धान्याचा असेल, खांबाचा असेल. मध्येच एक खापर अर्धं बाहेर आलेलं आहे: तांबडं, काठाशी काळ्या रंगाच्या बारीक तिरप्या रेघा. एका रेघेच्या शेवटी रंगाचा ओघळ आहे. कुंचला उचलताना हात थोडा रेंगाळला असणार. ते खापर काढून घ्यावंसं वाटतं, फार वाटतं. काढायचं नाही. त्या थरात आहे तोवर ते त्या जमिनीचं वय सांगू शकतं. घरी नेलं की शोकेसमधला तुकडा.

तर आम्ही करतो काय? गावातला एक तरुण शेतकरी पहिल्याच बैठकीत म्हणाला होता, "मंग तुम्हीन करतस तरी काय?" प्रश्न रास्त आहे. आमचं निम्मं काम लोकांनी प्रेमानं आणलेल्या गोष्टींना नाही म्हणण्याचं आहे.

उदाहरणार्थ झाडं. एका वर्षी एका उत्साही मंडळानं पांढरीवर वृक्षारोपण करायचं ठरवलं. रोपं आली, फोटोग्राफर ठरला, फक्त खड्डे घ्यायचे बाकी. आता उघड्या टेकाडावर झाडं लावू नका असं सांगणारा माणूस आजच्या काळात गावाचा वैरीच ठरतो. पण दीड-दोन फुटांचा एकेक खड्डा म्हणजे त्या थरांतून आरपार गेलेलं भोक, आणि पुढे कडुनिंबाची मुळं काय करतील ते वेगळंच. मुळं थर फोडतात, घुशी त्या वाटेनं शिरतात आणि खालची माती वर आणून टाकतात. आमच्या आप्पांनी (हे आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, आवाज अजून वर्गातलाच) मंडळाला नाल्याच्या पलीकडच्या काठावर नेलं आणि सगळी रोपं तिकडे लावून घेतली. फोटोत मागे पांढर येते, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही. टेकाडावर आम्ही फक्त गवत ठेवतो. हराळी आणि मारवेल माती धरून ठेवतात आणि वरवरच राहतात. गवत वाढलं की कापून नेण्याचा हक्क गावातल्या गुरं असलेल्या घरांना, पाळीपाळीनं. मोबदल्यात शेळ्या टेकाडावर सोडायच्या नाहीत. शेळीच्या खुरांनी उतार किती झपाट्यानं सुटतो, ते पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

दुसरं काम पाण्याचं. टेकाडाच्या माथ्यावरून एक घळ पडत चालली होती आणि दर पावसात ती वीतभर मागे सरकत होती. ती बुजवायची तर भराव घालायचा, पण माती कुठली घालायची? शेजारची घातली तर तिच्यातही जुनी खापरं असणार, आणि उद्या खणणाऱ्याला नव्या-जुन्याचा घोळ होणार. पुरातत्त्वाच्या एका अभ्यासकानं तोडगा सांगितला. आधी घळीच्या उघड्या अंगावर जाळी अंथरा, मग तिच्यावर डोळ्यांना वेगळा दिसेल असा मुरूम भरा. आम्ही केळीच्या रोपवाटिकेतली टाकाऊ हिरवी शेडनेट आणली, घळीच्या दोन्ही कडांना लावली, आत लाल मुरमाची पोती रचली, आणि वरच्या अंगाला दगडांचा सैल बांध घातला. पुढच्या शतकात कोणी इथे खणलंच तर हिरव्या जाळीपाशी त्याला कळेल की इथून पलीकडे हात जपून चालवायचा. काँक्रीट घातलं असतं तर काम लवकर झालं असतं, देखणं दिसलं असतं, आणि पाणी त्याच्या कडेनं नवी वाट काढून शेजारचा थर घेऊन गेलं असतं.

तिसरी गोष्ट हिशेबतपासनिसाला आजतागायत पटलेली नाही. पांढरीचा एक उतार खाजगी गटात आहे. शेतकरी, नाना, भला माणूस. पूर्वी तिथे लाकडी औत चालायचं, ते वरवर खरडायचं. आता ट्रॅक्टरचा नांगर हातभर खाली जातो आणि घराची ती तांबडी जमीन एका फेरीत उलथून टाकतो. आम्ही नानांशी लेखी करार केला: या पट्ट्यात खोल नांगरट करायची नाही, नुसती बखरपाळी करून उथळ मुळांचं पीक घ्यायचं, आणि उत्पन्नात जो फरक पडेल तो ट्रस्टनं द्यायचा. वहीत मी लिहिलं, 'न नांगरल्याबद्दल मोबदला'. हिशेबतपासनीस चष्मा काढून म्हणाले, "पैसे कामाचे देतात. हे कशाचे?" शेवटी तो खर्च 'परिसर संरक्षण' या खात्यात गेला, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय दरवर्षी ताजा असतो.

आता देणगीदार. न दिसणाऱ्या कामाला पैसा गोळा करणं किती अवघड, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. सभामंडपाला फरशी द्या म्हटलं की लोक देतात, पाणपोईला देतात, कमानीला तर हक्कानं देतात, कारण तिच्यावर नाव येतं. आमच्याकडे एक सुखवस्तू गृहस्थ आले. मनापासून द्यायला आले होते. सगळं फिरून पाहिलं, जाळी पाहिली, गवत पाहिलं, आणि अवघडत विचारलं, "मना बापनं नाव कोठे टाकशात?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पांढरीवर फलक लावायचा तर खांबाला खड्डा लागतो. मला त्यांचा राग आला नाही, अजून येत नाही. बापाचं नाव कुठेतरी राहावं असं वाटणं ही फार जुनी गोष्ट आहे, आणि आपल्या तालुक्यात तिचा अस्सल पुरावा आहे.

पाटण्याचा शिलालेख म्हणतोय मी. चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचं ठिकाण. नवरात्रात आपण सगळे जातो, धबधब्याला पावसाळ्यात जातो. तिथला लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली प्रसिद्ध केला; धंद्यानं डॉक्टर असलेला हा माणूस ताम्रपट-शिलालेखांच्या मागे कुठवर गेला होता, याचं नवल वाटतं. लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, त्यानं आजोबांच्या ग्रंथांचं, सिद्धांतशिरोमणीचं, अध्यापन चालावं म्हणून मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. भास्कराचार्यांचं गाव हेच की दुसरं, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत, चालू द्या. मला रस आहे तो लेखाच्या शेवटच्या भागात. वरचं सगळं संस्कृतात, आणि हा व्यवहाराचा भाग मराठीत: पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरचं राजाचं जे उत्पन्न ते मठाला, जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल मठाला. ज्यांच्याकडून वसुली करायची त्या तेल्या-व्यापाऱ्यांना कळावं म्हणूनच बहुधा हा भाग त्यांच्या भाषेत.

म्हणजे हे एका शिक्षणसंस्थेचं न्यासपत्रच झालं. संस्थापक आहे, उद्दिष्ट आहे, उत्पन्नाचं कायम साधन आहे, आणि देणगीदाराचं नाव ठळक कोरलेलं आहे. मठ राहिला नाही. घाणे राहिले नाहीत. पाटण हे नगर होतं, ते आज छोटं खेडं आहे. राहिली ती देणगीदाराची पाटी, आणि तिच्यामुळेच आपल्याला मठ ठाऊक आहे. तेव्हा नावाच्या हौसेला हसण्याचा अधिकार निदान पुरातत्त्वाच्या नावानं चालणाऱ्या ट्रस्टला तरी नाही. आप्पांनी मार्ग काढला: जिल्हा परिषदेच्या शाळेत, भिंतीवर, पांढरीच्या थरांचं मोठं रंगीत चित्र आणि त्याच्याखाली दात्यांची नावं. त्या गृहस्थांनी पैसे दिले. वडिलांचं नाव चित्रातल्या चुलीच्या बरोबर खाली यावं एवढीच अट घातली.

गावाचं नाव का लिहीत नाही, ते आता. गुप्तधनापायी. अमावास्येच्या सकाळी टेकाडावर लिंबू, कुंकू, काळी बाहुली आणि कमरेएवढा ताजा खड्डा, हे आम्ही पाहिलेलं आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे, आणि पुरलेलं धन सापडलं तर दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी हा कायदा तर १८७८ पासूनचा. अंधारात कुदळ मारणाऱ्याला दोन्हींशी देणंघेणं नसतं. विनोद असा की या माणसांकडे सोनं असण्याची शक्यता फारच थोडी. तांबंसुद्धा त्यांना जपून वापरावं लागे. रोजच्या कापाकापीला गारगोटीची धारदार पाती. बकऱ्या चारणारी एक जिजी मला अजूनही दर भेटीत हळूच विचारते, "तुमले सोनं सापडनं का?" नाही म्हटलं की ती समजूतदारपणे मान हलवते. म्हणजे तिचा विश्वास बसलेला नसतो.

मग सरकारी संरक्षण का मागत नाही? हा प्रश्न शहरातले मित्र हटकून विचारतात. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली स्मारक राष्ट्रीय संरक्षित झालं की, २०१० च्या दुरुस्तीनुसार, भोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट. आमच्या पांढरीपासून शंभर मीटरांत गावाची अर्धी आळी आहे. ज्यांच्या पोराचं लग्न ठरलंय आणि वर एक खोली काढायची आहे, त्यांना उद्या हे कळलं तर परवा पांढर जागेवर राहणार नाही. देशभरात केंद्राच्या यादीत साडेतीन हजारांहून थोडी जास्त स्मारकं आहेत. त्या यादीत न बसणारी, पण शेताच्या कडेला मुकाट पडून असलेली ठिकाणं किती असतील याचा विचार करा. त्यांच्यासाठी गावाची संमती हेच काय ते कुंपण. माझं मत विचाराल तर, जिथे पुतळे-खांब-शिखर काही नाही तिथे खात्याच्या निळ्या फलकापेक्षा नानांचा करारनामा जास्त टिकेल. आप्पांना हे मान्य नाही. ते राज्याच्या खात्याला पत्रं लिहीत असतात, आणि त्यांच्या पोचपावत्या मी फाईलला लावत असतो.

खरी काळजी परिसराची आहे. पांढर नुसती राखून भागत नाही, नाला राखावा लागतो. आणि नदीकाठच्या साध्या दिसणाऱ्या मातीतही काय असतं, हेही पाटण्यानंच दाखवलं आहे. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे जे उत्खनन केलं, त्यात देऊळ नाही, घर नाही, अश्मयुगातल्या माणसांची दगडी हत्यारं मिळाली आणि शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे. खानदेशात शहामृग! त्यातल्या एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली, कवचाचे मणीही केलेले. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. असली माती वाळूच्या ट्रॉलीत भरली जाते तेव्हा तिच्यावर काही लिहिलेलं नसतं.

३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरी नद्यांच्या पुरानं चाळीसगावात जो हाहाकार केला, तो या भागात कोणी विसरलेलं नाही. अशा एकेका पावसात नाले काठ खातात. त्यात वाळू उपसून पात्र खोल केलं असेल तर वळणावरचा काठ आधी जातो. आमची पांढर नेमकी वळणावर आहे.

म्हणून सध्या आमचं सगळं लक्ष ग्रामसभेकडे आहे. वाळूचे ट्रॅक्टर पांढरीच्या कडेवरून नाल्यात उतरतात. ते जुन्या गाडरस्त्यानं वळवावेत असा ठराव आणायचा आहे. रस्ता लांबतो, डिझेल वाढतं, आणि त्यातले दोन ट्रॅक्टर गावातल्या वजनदार भावकीचे आहेत. ठरावाचा मसुदा आप्पांनी लिहिला, मी वाचून पाहिला. 'पुरातत्त्व' हा शब्द त्यात एकदाच येतो. 'काठ ढासळल्यास स्मशानभूमीचा रस्ता तुटेल' हे तीन ठिकाणी आहे, आणि नानांचं म्हणणं पडलं की चौथ्यांदाही घाला.